लेकीच्या दुकानातलं पाणी

तिसगावच्या पुंजारामआबांना बिअरचं वावडं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ही गोष्ट दारूबंदीची आहे असं समजून काही सज्जन वाचक हुरळून जातील आणि शेवटी फसवल्याची तक्रार करतील. आबांनी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम म्हणून बरेच हंगाम काढले होते. हंगाम संपवून गावाकडं परतताना करंजीच्या घाटाआधी ट्रॅक्टर थांबवायचा आणि एक थंडगार बाटली घ्यायची, ही त्यांची वर्षाची चैन. तीसुद्धा उभ्याउभ्या. बसून प्यायला, असं कुणी म्हणायला नको.

आबांची अडचण वेगळीच होती. ही बिअर लेकीची होती.

धनश्री त्यांची एकुलती एक. राहुरीला धान्यप्रक्रियेचं शिक्षण घेतलं, मग पुण्याला नोकरी केली, मग लग्न करून नगरला सावेडीत आली, आणि दीडएक वर्षापूर्वी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, राहत्या घराच्या खालच्या दोन गाळ्यांत दुकान थाटलं. बिअर तिथेच बनवायची आणि तिथेच पाजायची. सहा टेबलं, काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, मागे एवढंसं स्वयंपाकघर. नाव ठेवलं 'कणीस'. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या बऱ्याच जणांनी आत येऊन मीठ-लिंबू लावलेलं मक्याचं कणीस मागितलं. त्यातले काही तसेच परत गेले. काही बसले, ते अजून बसलेले आहेत.

आता आबांच्या घराण्यात एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळेच ती इतकी पक्की टिकली होती. कारण माहीत असतं, तर कुणीतरी वाद घातला असता. धनश्रीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तेव्हा आबा लेकीकडे जाताना पितळेचा फिरकीचा तांब्या भरून नेत. सोफ्याच्या कडेवर बसत, तांब्या पायाशी ठेवत, लेकीची, जावयाची, कॉलनीतल्या बोअरच्या पाण्याची चौकशी करत. जेवायची वेळ झाली की "आलोच" म्हणून खाली उतरत आणि समोरच्या टपरीवर मिसळ खात. धनश्री गॅलरीतून बघत असे. आबा खालून हात करत. ती वरून हात करी. सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललंय, असं आबांना वाटे.

आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबा, यंदा तुमी दिली न्हवं बाजरी, तिची टाकी लावली हुती. झाली तयार. उद्या दुपारी उघडायची."

"बरं केलं. विकू दे चांगली."

"विकीन. पर पहिला ग्लास तुमचा. तुमी घेतल्याबिगर मी एका मानसाला देनार न्हाई."

"अगं पर धना..."

"पर न्हाई, बीर न्हाई. या. आईला घिऊन या." आणि फोन ठेवला.

बाजरी त्यांची, बोलावणं लेकीचं, आणि तोंडाला पाणी सुटलेलं. पण रीत म्हणजे रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसगावच्या स्टँडवर बसची वाट बघताना त्यांनी हा पेच बिभीषणापुढं मांडला. बिभीषण जन्मभर पाथर्डीच्या कोर्टात पट्टेवाला होता, त्यामुळे गावात त्याला निम्मा वकील धरत. निम्म्याहून जास्तच, कारण तो फी घेत नसे.

"दुकान आन् घर, लायटीचं मीटर एकच हाय का येगयेगळं?" बिभीषणानं पहिला प्रश्न टाकला.

"येगळं. खालचं कमर्शियल हाय म्हनं."

"मंग मिटलं! वीज मंडळ ज्याला घर मानत न्हाई, त्याला आपन का घर मानायचं?"

आबांना हे फार पटलं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, "म्हंजी पितो म्हनलं तर चालतंय?"

"थांब की. फुकाट प्यालास तर तू पाव्हना. पाव्हन्याला रीत लागती. पैसं टाकलंस तर तू गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कसली आलीया लेक आन् कसला बाप?"

शेजारच्या बाकावर आबांच्या मंडळी, केशरबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि चकार शब्द काढला नाही. एरवी बिभीषण बोलला आणि केशरबाई गप्प राहिल्या, असं कधी घडलेलं नव्हतं. आबांना हे खटकायला हवं होतं. पण इतकी सुंदर पळवाट सापडलेल्या माणसाला बायकोच्या गप्प बसण्याकडे बघायला सवड नसते.

बस आली. पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता. तांब्या मांडीवर घेऊन आबा खिडकीशी बसले.

'कणीस'मध्ये दुपारी फारशी गर्दी नसायची. कोपऱ्यात एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर गहिनीनाथ पेपर उघडून बसले होते. एक ग्लास आणि एक पेपर त्यांना दुपारभर पुरे, आणि दोन्ही एकदमच संपत. कल्याण ॲप्रन लावून नळांच्या मागे उभा होता, तो पुढे झाला आणि वाकून पाया पडला.

"या मामा. मामी, या. दमला का?"

ॲप्रन लावलेल्या जावयाला आशीर्वाद द्यायची आबांची ही पहिलीच खेप. "सुखी ऱ्हावा जावईबापू," ते म्हणाले आणि पाठीवर हात ठेवताना ॲप्रनची गाठ सुटणार नाही याची काळजी घेतली.

धनश्री काचेपलीकडून धावत आली. पायात गमबूट, डोक्याला रुमाल, कपाळावर घाम. भाताच्या लावणीतून उठून आल्यासारखी. तिनं बापाचा हात धरला आणि थेट टाक्यांपाशी नेलं.

"ही. ही तुमची."

"ही सगळी?"

"सगळी न्हाई. जव असतो बरोबर. पन बाजरीला मी हितंच मोड आनले. आई मटकी बांधती न्हवं फडक्यात, तसंच, फक्त पोत्यानं. मग वाळवली, भाजली, भरडली, उकळली."

आबांनी टाकीला हात लावला. गार होती. आंबिलीचा असतो तसा आंबूस, भाजक्या भाकरीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. शेजारच्या टाकीतून एक नळी निघून पाण्याच्या बादलीत गेली होती आणि बादलीत डुबुक डुबुक चाललं होतं.

"हिच्यात कोन बोलतंय?"

"ती अजून कच्ची हाय आबा. कच्ची असली की बडबडती. पिकली की गप."

"मंग तुझी आई कवा पिकायची?"

धनश्री खळखळून हसली. तशी हसली की ती पाचवीतली दिसे. आबांना वाटलं, आज सगळं झकास होणार.

तिनं त्यांना मधल्या टेबलाशी बसवलं. कल्याणनं नळ सोडला. पहिला नुसता फेस आला, तो त्यानं टाकून दिला. मग ग्लास तिरपा धरून भरला. बाजरीच्या वाळल्या सरमाडासारखा रंग आणि वर बोटभर पांढरा फेस. धनश्रीनं ग्लास दोन्ही हातांनी आणून आबांपुढे ठेवला आणि ॲप्रनला हात पुसत तिथेच उभी राहिली. कल्याण उभा. केशरबाई पदर तोंडाशी धरून बसलेल्या. गहिनीनाथांनीसुद्धा पेपर खाली घेतला.

आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. घडी घातलेली नोट काढली, टेबलावर ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून वर मिठाची डबी ठेवली, आणि सगळ्यांकडे अभिमानानं बघून म्हणाले,

"धना, पावती फाड."

धनश्रीला आधी ते कळलंच नाही. "कसली पावती?"

"आज मी गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाला समदं चालतं. बिभीषनाला इचारून आलोय. रीत बी ऱ्हाती आन् तुझी बिअर बी..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण लेकीचा चेहरा त्यांना अपेक्षित होता तसा होत नव्हता.

तिनं डबी उचलून बाजूला ठेवली. नोटेची घडी नीट केली. बापाचा हात उलटा करून तळव्यावर ती ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. मग ग्लास उचलला.

"या बिअरला गिऱ्हाईकं लई मिळतील, आबा," ती म्हणाली. "मला आज गिऱ्हाईक नको हुतं."

आणि ग्लास घेऊन ती आत गेली.

कल्याणनं आधीच पुसलेला नळ पुन्हा पुसायला घेतला.

"माझं काय चुकलं?" आबांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

गहिनीनाथांनी पेपर परत वर केला. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: मागे काय चाललंय त्यात ड्रायव्हरनं पडायचं नसतं.

नेमक्या याच वेळी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दारानं छबूबाई बाहेर आल्या. खर्ड्याच्या छबूबाई 'कणीस'मधली भजी, शेंगोळे, उसळी सांभाळत. बाहेर काय घडलंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"आल्या व्हय केशरताई! लई दिसांनी! मी कवाधरनं वाट बघतीय. मिरचीची भजी सोडू न्हवं, नेहमीची? आन् तुमचा बारका ग्लास..." इतकं बोलून त्यांना आबा दिसले. मग तांब्या दिसला. बोललेली वाक्यं परत गिळता आली असती तर त्यांनी ती तिथल्या तिथं गिळली असती. "त्याल तापलं वाटतं," असं पुटपुटून त्या आल्या दारानं आत गेल्या.

आबा बायकोकडे हळूहळू वळले.

"नेहमीची?"

"भजी," केशरबाई म्हणाल्या.

"आन् बारका ग्लास?"

"बारकाच असतो."

"तू गुडघ्याच्या डाक्टरकडं येतीस न्हवं नगरला?"

"हाय की डाक्टर. पलीकडल्या गल्लीत. एकदा गेल्ते."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. बायको बिअर पिते याचा धक्का मोठा होता, पण त्याच्या मागून त्याहून मोठा येत होता. "म्हंजी तू हिच्या घरचं पानी पितीस?"

"पानी पिते. जेवते. मुक्काम करते."

"कवाधरनं?"

केशरबाईंनी पदर तोंडावरून काढला. आता त्या बोलणार होत्या, आणि नेहमीच्या आवाजात नाही.

"लगीन झाल्यावर पहिल्यांदा एकटी आले तवा मी बी न्हाई म्हनलं, तुमच्यावानी. पोरगी 'बरं आई' म्हनली आन् मोरीत गेली. नळ सोडला. लई येळ नळ चालू. मी वाकून बघितलं, तर मोरीत घासायला एक भांडं न्हवतं. दुसऱ्या खेपंला आले तवा तिनं इचारायच्या आत माठापाशी गेले आन् तांब्याभर पानी प्याले. तान न्हवती."

कल्याणनं नळ पुसणं थांबवलं.

"मला का न्हाई बोललीस?"

"तुमाला रीत लई प्यारी. म्हनलं, कळंल त्येंचं त्येंना."

"मला काय कळायचं? मी तिला कवा दुखावलं? आत्या इचारती, चुलती इचारती, शेजारीन इचारती, 'काय गं, अजून काय न्हाई का?' मी सात वर्सांत एका शब्दानं इचारलेलं न्हाई!"

आणि हे खरं होतं. याचा आबांना मनातून अभिमानही होता. साऱ्या गोतावळ्यात आपण एकटेच असे, की ज्यानं लेकीला तो प्रश्न कधी केला नाही.

"तोंडानं न्हाई इचारलं," केशरबाई म्हणाल्या. "तुमी दर येळी तांब्या घिऊन येता. ती दार उघडती, आन् तुमच्या तोंडाच्या आदी तिला त्यो तांब्या दिसतो."

आबांनी पायाशी बघितलं. गॅलरीतून हात करणारी लेक त्यांना आठवली. ती हात करत होती हे त्यांना दिसलं होतं. हात खाली घेतल्यावर ती कुठे जात होती, हा विचार कधी मनात आला नव्हता.

त्यांनी टोपी घातली. उठले. टेबलाला वळसा घालून, जावयाच्या शेजारून, आतल्या दारात जाऊन उभे राहिले.

आत छबूबाई पाठमोऱ्या होऊन कांदा चिरत होत्या. धनश्री बेसिनपाशी होती. नळ चालू होता. बेसिनमध्ये एकही ग्लास नव्हता.

"धना."

"काय."

"तान लागली."

तिनं मागे वळून बघितलं नाही. "तांब्या बाहेर हाय तुमचा."

"त्यातलं संपलं."

तांब्याची फिरकी आल्यापासून उघडलेलीच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. धनश्रीनं नळ बंद केला. मग फळीवरून एक ग्लास घेतला. तिथे बिअरचेच ग्लास होते, अर्ध्या लिटरचे. तो तिनं काठोकाठ पाण्यानं भरला आणि पुढे केला. थोडं पाणी आबांच्या बंडीवर सांडलं.

आबा जन्मभर पाणी वरून पिणारे. भांड्याला ओठ लावणं त्यांना आवडत नसे. आज त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. शेवटी शेवटी धाप लागली, तरी संपवला.

"आनखी दे."

"आबा, पोट फुटेल. अर्धा लिटर हाय एकेक."

"दे म्हनतो न्हवं."

दुसरा ग्लास त्यांनी बेतानं घेतला. "गोड हाय," ते म्हणाले.

"फिल्टरचं हाय." धनश्री बाहीनं डोळे पुसत होती. "रडत न्हाई मी. कांद्यानं झोंबतंय."

"कांदा मी चिरतीय," छबूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, आणि मग सुरी ठेवून, कुणी न बोलावताच बाहेर निघून गेल्या.

बापलेक दोघंच राहिले. कढईतलं तेल चरचरत होतं. धनश्रीनं गॅस बारीक केला. त्या बारीक केलेल्या गॅसकडे बघत तिनं विचारलं,

"आबा, आन् न्हाईच झालं तर?"

आबांनी ग्लासातलं उरलेलं पाणी हलवून पाहिलं. मुकादमकीत त्यांनी दोनदोनशे माणसांपुढे भाषणं ठोकली होती. आता त्यातलं एक वाक्य उपयोगाला येईना.

"तर काय," ते म्हणाले. "हे पानी काय त्याच्या वाट्याचं हाय? माझ्या लेकीनं मला दिलंय." आणि ते पिऊन टाकलं.

मग बिअर झाली. फेस बसून गेलेला तो ग्लास धनश्रीनं ओतून दिला आणि नवा भरला, आणि आबांनी तो खुर्चीत मांडी घालून, निवांत घेतला. पहिल्या घोटानंतर सगळे पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कडू हाय," आबा म्हणाले.

"कडूच असती आबा."

"मंग जमलंय."

कल्याणनं गहिनीनाथांचा ग्लास भरला. केशरबाईंचा बारका ग्लासही आला. आता लपवण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे त्यांनी तो जरा रुबाबात घेतला आणि मिरचीच्या भज्यांची बशी नवऱ्यापुढे सरकवली. आबांनी बशीला हात लावला नाही.

"का? आता काय रीत आडवी आली?"

"छबूबाईंच्या हातचं मागनं खाईन," आबा म्हणाले. "धना, तू काय करून घालनार?"

धनश्री गडबडली. सात वर्षांत या माणसाला आपण काय वाढू, हे तिनं खूपदा योजलं होतं, पण ते पहिल्या दोन वर्षांत. नंतर तिनं ते योजायचं सोडून दिलं होतं. "वर... वर काय बरं हाय... वांगी हायेत. बाजरीचं पीठ हाय."

"मी सांगते आत्ताच," केशरबाई म्हणाल्या, "हिला शंभर लोकांची बिअर जमती. चार मानसांची भाजी न्हाई जमत."

"तुला कुनी इचारलं?" आबा आणि धनश्री एकदमच म्हणाले.

दुकान छबूबाईंवर आणि गहिनीनाथांवर सोपवून चौघं वर गेली. दिवस अजून मावळायचा होता. धनश्री ओट्यापाशी उभी राहून भराभर वांगी चिरत होती, मधेच थांबून बापाकडे बघत होती, परत चिरत होती. आज आबा सोफ्याच्या कडेवर नाही, पार आत टेकून बसले होते. भाकरी थापल्याचा आवाज आला तसे ते उठून स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशेजारी फरशीवरच बसले. कल्याणनं ताटं तिथेच मांडली.

धनश्रीनं वाढलं. आबांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली, घास घेतला आणि सावकाश चावला. धनश्री परातीपाशी पिठाचे हात धरून उभी.

"मीठ बरोबर हाय का आबा?"

"बेताचं हाय," आबा म्हणाले.

मग केशरबाईंनी घास घेतला. मग कल्याणनं. कल्याण शहाणा जावई होता, पण घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा," तो म्हणाला, "भाजी जरा खारट..."

"जावईबापू," आबा म्हणाले, "गप जेवा."

आणि त्यांनी वाटी परत लेकीपुढे केली.